मुखावरील मुद्रा

मराठीत 'मुद्रा' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. माणसाचा चेहरा म्हणजे मुद्रा. कागदावर उमटविलेला शिक्का म्हणजे मुद्रा. आणि वैष्णव मंडळी गोपीचंदनाने अंगावर उठवितात त्या शंखचक्रांच्या आकृतींनाही मुद्राच म्हणतात. चेहरा, शिक्का आणि खूण हे तीन अर्थ एका शब्दात कसे एकत्र आले, याचा उलगडा व्युत्पत्तिशास्त्रज्ञांनी करावा. परंतु सृष्टीमध्ये काही प्राणी असे आहेत, की त्यांच्या बाबतीत हे तिन्ही अर्थ एकाच ठिकाणी खरे ठरतात. काळवीट, नीलगाय, आफ्रिकेतील नाना जातींचे कुरंग, अशा खुरांच्या रानटी जनावरांचा चेहरा हाच त्यांचा शिक्का असतो. त्याच्या रंगावरून त्यांचे वय, त्यांचा दर्जा आणि त्यांच्या अंगातील आवेश त्यांचे जातभाई ओळखतात. ही ओळख कशी पटते, आणि तिच्यावर त्या मुक्या प्राण्यांचे किती अवलंबून असते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटांसाठी राखलेले एक लहानसे अभयारण्य आहे. १९८० साली ते स्थापन झाले आणि त्याचा विस्तार अवघा २.१७ चौरस किलोमीटर आहे. गवताचा माळ आणि अधूनमधून बाभळीची विरळ झुडपे, एवढेच काय ते तेथील वैभव. अशा माळावर, कळपातील माद्यांच्या मागे नर फिरू लागण्याच्या दिवसांत, दुर्बिणीतून पाहत बसणाऱ्या माणसाला एक दृश्य वारंवार दिसते. एक नर पाठीपासून मुस्कटापर्यंत काळाभोर असतो. डोळ्यांभोवती पांढरे कडे, हनुवटी पांढरी, पोट पांढरे. बाकी सर्व काजळ. त्याच्या सीमेवर दुसरा नर येतो. शिंगे त्याचीही चांगली हातभर लांब. पण अंग अजून तपकिरी, आणि चेहऱ्यावर काळोखाची नुसती सुरुवात. काळा नर कान खाली पाडतो, नाकाड वर उचलतो, पिळदार शिंगे मानेवर टेकवितो आणि संथ, ताठ पावलांनी पुढे येतो. नाकाड वर गेल्यामुळे हनुवटीचा पांढरा रंग समोरून स्पष्ट दिसतो. तपकिरी नर क्षणभर उभा राहतो, मग मान खाली घालून गवताला तोंड लावतो आणि चरता चरता पाठ फिरवितो.

झुंज पाहावयास मिळेल म्हणून श्वास रोखून बसलेल्या माणसाची निराशा होते. परंतु जे घडले नाही तेच येथे महत्त्वाचे आहे. काळविटाची शिंगे हात-दीड हात लांब व टोकदार असतात. त्यांच्या झुंजीत एखाद्याचा डोळा जावा, बरगडीत शिंग घुसावे, पाय लचकावा, हे सहज संभवते. दख्खनच्या माळावर लांडगा हा काळविटाचा जुना वैरी. तेथे लंगडणाऱ्या हरणाचे आयुष्य फार थोडे. म्हणजे त्या तपकिरी नराने पाठ फिरविली तेव्हा त्याने आपला जीव वाचविला, आणि काळ्या नरानेही आपली शक्ती वाचविली. दोघांमध्ये एक निरोप पोहोचला, आणि तो बव्हंशी चेहऱ्याच्या रंगातून पोहोचला.

निरोप पोहोचावयाचा तर तो वाचणारा डोळा हवा. माणसाच्या नेत्रपटलावर रंग ओळखणाऱ्या शंक्वाकृती पेशींचे तीन प्रकार असतात. म्हणून तांबडा, हिरवा व निळा या तिन्ही रंगांच्या मिश्रणातून आपले जग रंगते. खुरांच्या ज्या प्राण्यांचे डोळे शास्त्रज्ञांनी तपासले, त्यांच्यात अशा पेशींचे दोनच प्रकार आढळले. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीचे हरिण आणि युरोपातील फॅलो हरिण यांच्या डोळ्यांविषयीचे असे प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाले. एका प्रकारच्या पेशी निळ्या-जांभळ्या प्रकाशाला, तर दुसऱ्या प्रकारच्या पिवळसर-हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देतात. तांबडा आणि हिरवा यांतील फरक अशा डोळ्यांना फारसा जाणवत नाही. मँड्रिल वानराच्या तोंडावरील लालभडक रंग माकडांच्या समाजात कामास येतो, कारण तो पाहणारे डोळे त्या समाजाजवळ आहेत. हरणांच्या समाजात तो वाया गेला असता. तेथे उपयोगी पडतो तो काळ्या-पांढऱ्याचा विरोध. पहाटेच्या अंधूक उजेडात, संधिप्रकाशात आणि उडत्या धुळीतही तो दुरून उमगतो. खुरांच्या प्राण्यांचे चेहरे पाहू गेल्यास काळा, पांढरा, राखी आणि तपकिरी हेच रंग पुन्हा पुन्हा आढळतात, त्याचे एक कारण येथे सापडते.

डोळ्याने पाहिले तरी ते मेंदूला कळले पाहिजे. 'मेंढराप्रमाणे' हे आपल्या बोलण्यात मूढपणाचे विशेषण होऊन बसले आहे. केंब्रिजजवळील बॅब्रॅहम येथे कीथ केंड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर केलेले प्रयोग पाहिल्यास त्या बिचाऱ्या जनावराची क्षमा मागावीशी वाटेल. मेंढीच्या मेंदूत चेहरा दिसताच विशेषेकरून चेतणाऱ्या पेशी आहेत, असे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दाखविले होते. त्यांतील काही पेशी शिंगे असलेला चेहरा पाहून चेततात, आणि शिंगे जितकी मोठी तितका त्यांचा प्रतिसाद जोरदार असतो. पुढे २००१ साली याच गटाने दाखवून दिले, की एक मेंढी सुमारे ५० मेंढ्यांचे चेहरे ओळखू शकते आणि ते दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवते. मेंढी पाळीव झाली म्हणून तिला ही शक्ती नव्याने आली, असे मानण्याचे कारण नाही. कळपात राहणाऱ्या खुरांच्या प्राण्याला चेहरा वाचता येणे ही त्याच्या रानटी पूर्वजांचीच ठेव असली पाहिजे.

आता प्रश्न असा, की चेहऱ्यावरील रंग हा निरोपासाठीच आहे, हे कशावरून? या प्रश्नावर एकेकाळी बरेच रण माजले होते. अमेरिकन चित्रकार ॲबट थेअर याने १८९६ साली एक सुंदर नियम मांडला. प्राण्याची पाठ गडद व पोट फिके असले, म्हणजे वरून पडणारा उजेड आणि खालची सावली परस्परांना छेदतात, आणि प्राणी सपाट व अस्पष्ट भासतो. हा नियम आजही मान्य आहे. परंतु थेअरला त्याचे वेड लागले. प्राण्याच्या अंगावरील झाडून सारे रंग लपण्यासाठीच आहेत, असे तो म्हणू लागला, आणि १९०९ साली त्याच्या मुलाने ते मत मोठ्या ग्रंथाच्या रूपाने पुढे आणले. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्षपद सोडून थिओडोर रूझव्हेल्ट पूर्व आफ्रिकेत शिकारीस गेला होता. त्याने उघड्या मैदानावर हजारो कुरंग पाहिले, आणि ते लपलेले तर नव्हतेच, मैलावरून दिसत होते. १९११ साली त्याने एक दीर्घ लेख लिहून थेअरचा कडक समाचार घेतला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे तोंड घेऊन उघड्यावर उभे राहणाऱ्या प्राण्याला लपावयाचे आहे, असे म्हणणे त्याला हास्यास्पद वाटले. तथापि लपणे हा हेतू नसेल तर दुसरा कोणता, याचा पुरा उलगडा रूझव्हेल्टनेही केला नाही.

त्या उलगड्याचा धागा त्यापूर्वी ४० वर्षे डार्विनच्या हाती आला होता, आणि तो हिंदुस्थानातून गेला होता. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा एडवर्ड ब्लाइथ हा १८४१ पासून सुमारे दोन तपे व्यवस्थापक होता. पगार तुटपुंजा, प्रकृती नाजूक. परंतु या देशातील पशुपक्ष्यांविषयी त्याच्याइतकी बारीक माहिती त्या काळी फार थोड्यांना होती. १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात डार्विनने ब्लाइथच्या हवाल्याने दोन गोष्टी नमूद केल्या आहेत. नीलगाईचा नर, केस न गाळता, माजाच्या ऋतूत अधिक काळा होतो. आणि त्याला लहानपणीच खच्ची केले तर त्याचा रंग कधीच पालटत नाही. काळविटाच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. रंगाचा संबंध ऊन, माती किंवा गवत यांच्याशीच असता तर खच्ची नराचा रंगही पालटावयास हवा होता. तो पालटत नाही. यावरून रंगाचे मूळ नरत्वात आहे, हे सिद्ध होते.

आज त्याच्या मागील यंत्रणाही पुष्कळशी समजली आहे. वृषणांतून टेस्टोस्टेरोन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळते. तेच नराला झुंजार बनविते, मानेचे स्नायू भरते आणि नव्याने उगवणाऱ्या केसांत काळ्या रंगाचा भरणा वाढविते. काळविटाचे पाडस, मग ते नर असो वा मादी, आईसारखेच पिवळसर तपकिरी असते. नराला शिंगे पहिल्या वर्षातच फुटू लागतात. पण काळा रंग पुढील काही वर्षांत हळूहळू चढतो. आपल्या पूर्वजांनीही या रंगाची दखल घेतली होती. संस्कृतात या प्राण्याला कृष्णसार म्हणजे काळाकबरा असे नाव आहे. जेथे कृष्णसार स्वभावतः हिंडतो तो देश यज्ञास योग्य, असे मनुस्मृती सांगते. आणि शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंताचा रथ ज्याच्या मागे धावतो तो मृगही कृष्णसारच होय.

एवढे कळले तरी एक शंका उरते. काळा रंग नरत्वाबरोबर येतो हे खरे. परंतु दुसरा नर तो रंग पाहून खरोखर काही निष्कर्ष काढतो काय? आणि काढत असल्यास कोणता? या बाबतीत आफ्रिकेतील ईलंड नावाच्या प्राण्याने मोठा प्रकाश पाडला आहे. ईलंड हा कुरंगांमधील हत्तीच म्हणावा. नराचे वजन ९०० किलोग्रॅमपर्यंत भरते; अंगाने तो एखाद्या भरदार बैलासारखा दिसतो, आणि गळ्याखाली बैलासारखीच पोळी लोंबत असते. याकोब ब्रो-यॉर्गेन्सन आणि टॉर्बेन डाबेलस्टीन या दोन शास्त्रज्ञांनी केनयातील ईलंड नरांचा अभ्यास करून २००८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी असे पाहिले, की नराची झुंजण्याची ताकद तीन गोष्टींवर अवलंबून असते: शरीराचा आकार, वय आणि त्या घडीला अंगात असलेला आवेश. आणि नवल असे, की या तिन्ही गोष्टी तो तीन निरनिराळ्या रीतींनी जाहीर करीत असतो.

शरीराचा आकार तो आवाजाने जाहीर करतो. ईलंड नर चालू लागला, की त्याच्या गुडघ्यांतून कट् कट् असा आवाज निघतो, आणि तो बराच दूर ऐकू जातो. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी हाडावरून सटकते आणि सतारीच्या तारेप्रमाणे झणकारते, अशी त्याची उपपत्ती सांगतात. तार जितकी लांब व जाड, तितका स्वर खर्जातला. म्हणून मोठ्या नराचा आवाज खोल असतो. वय तो गळ्याच्या पोळीने जाहीर करतो. ती वर्षांबरोबर वाढत जाते. आणि आवेश? तो चेहऱ्यावर दिसतो. तोंडावरील काळसर मुखवटा जितका गडद आणि कपाळावरील केसांचा झुपका जितका भरगच्च, तितका नर अधिक तापट असतो. हाड एकदा वाढले म्हणजे कमी होत नाही, वय मागे जात नाही. आवेश मात्र ऋतूप्रमाणे चढतो व उतरतो. म्हणून बदलत्या गोष्टीची वार्ता देण्याचे काम बदलू शकणाऱ्या रंगाकडे सोपविले गेले, ही योजना मार्मिक आहे. तीन साक्षीदारांच्या जबान्या ऐकून न्यायाधीशाने निकाल द्यावा, त्याप्रमाणे समोरचा नर तीन खुणा पाहून व ऐकून लढावे की सरावे हे ठरवितो.

येथे चिकित्सक श्रोत्याच्या मनात एक आक्षेप उभा राहील. ज्याच्या अंगात बळ नाही त्याने नुसता चेहरा काळा केला तर? मनुष्यव्यवहारात तोतयांची उणीव नाही; मग प्राण्यांत तोतये का नसावेत? या आक्षेपाचे उत्तर हुंडीच्या व्यवहारात सापडते. हुंडी हा वास्तविक कागदाचा तुकडा. बाजारात तिला मान मिळतो, कारण ती पेढीवर नेली असता वटते, हे सर्वांना ठाऊक असते. आणि न वटणारी हुंडी लिहिणाऱ्याची पत एका दिवसात जाते. काळ्या चेहऱ्याचेही तसेच आहे. काळे मुख मिरविणाऱ्याला बाकीचे काळे नर प्रतिस्पर्धी समजतात. तो समोर आला की त्याची परीक्षा घेतात. ज्याच्या मानेत जोर नाही त्याला ती परीक्षा फार महागात पडते. शिवाय काळा रंग ऊन शोषतो, आणि पिवळ्या गवतात काळा ठिपका दुरूनही डोळ्यांत भरतो. वैरी तो पाहू शकतो. इतकी किंमत मोजूनही जो उभा राहतो, त्याच्याजवळ शिलकीत काही आहे, असे मानावयास हरकत नसते.

काळे तोंड किती महाग पडू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे आफ्रिकेतील सेबल नावाचा कुरंग. त्याचा प्रौढ नर कोळशासारखा काळा असून तोंडावर पांढऱ्याशुभ्र रेघा असतात. शिंगे मागे वळलेल्या तलवारीसारखी. मादी तांबूस तपकिरी. तिचा मुलगा तीनचार वर्षांचा होईतो तिच्याच रंगाचा असतो, आणि तोपर्यंत कळपाचा धनी त्याच्याकडे कानाडोळा करतो. पण पोराच्या अंगावर काळी छटा चढू लागली, की धन्याची दृष्टी पालटते. तो त्याला हुसकावू लागतो, आणि अखेर त्या तरुणाला आईचा कळप सोडून जावे लागते. कळपाबाहेर पडलेल्या एकट्या तरुणाला सिंहाची भीती अधिक. वयात येण्याची वार्ता चेहऱ्यावर उमटते, आणि तीच त्याला घराबाहेर काढते.

या सेबलांचा दीर्घ अभ्यास करणारे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड एस्टिस यांनी १९९१ साली यावरून एक विलक्षण कल्पना मांडली. कुरंगांच्या काही जातींत मादीलाही नरासारखी शिंगे व नरासारखाच चेहरा का असतो? एस्टिस यांचे म्हणणे असे, की हे मातेचे मुलाला दिलेले पांघरूण आहे. मादी नरासारखी दिसू लागली, म्हणजे वयात येणारा मुलगा तिच्या घोळक्यात सहज मिसळून जातो, आणि धन्याचा राग त्याच्यावर लवकर ओढवत नाही. मुलगा जितका अधिक काळ कळपात राहील, तितका तो बाहेरच्या जगासाठी अधिक तयार होईल. दक्षिण आफ्रिकेच्या वाळवंटी भागातील गेम्सबॉक हे याचे ठळक उदाहरण म्हणता येईल. त्याचे पांढरे तोंड, डोळ्यांवरून उतरणारा काळा पट्टा, नाकावरील काळा डाग ही नक्षी नर व मादी या दोघांतही सारखीच असते. शिंगे दोघांनाही असून मादीची उलट अधिक लांब व सडपातळ असतात. एस्टिस यांची ही कल्पना अनुमानाच्या स्वरूपाची आहे. शिंगांचा उपयोग मादीला स्वसंरक्षणासाठीही होतो, असे इतर शास्त्रज्ञ म्हणतात, आणि त्यातही तथ्य आहे. गेम्सबॉकच्या पट्ट्यांविषयी आणखीही एक मत आहे. १९७० साली गथ्री आणि पेटॉक्झ यांनी असे सुचविले, की काही प्राण्यांच्या तोंडावरील रेघा त्यांच्या शस्त्रांची नक्कल करतात. शिंगाची रेघ तोंडावर पुढे चालू ठेवली, की शस्त्र आहे त्याहून मोठे भासते.

चेहऱ्यावरील प्रत्येक ठिपका दर्जाचीच खूण आहे, असे म्हणणे मात्र थेअरच्याच चुकीची पुनरावृत्ती होईल. नीलगाईच्या गालावरील दोन पांढरे ठिपके नर व मादी या दोघांच्याही गालांवर असतात. काळविटाच्या मादीच्या डोळ्याभोवतीही फिके कडे असते. काही खुणा जात ओळखण्यासाठी असतील, काही डोळ्याची व त्याखालील गंधग्रंथीची जागा दाखविण्यासाठी असतील. काळविटाच्या डोळ्याखाली काळ्या चिरेसारखी अशी ग्रंथी असते; नर आवेशात आला की ती विस्फारते, आणि तिचा स्राव काटक्यांना फासून तो आपली हद्द आखतो. एकाच चेहऱ्यावर रंग, गंध आणि दृष्टी यांची अशी जुळणी झालेली असते.

जात ओळखण्याच्या बाबतीतही एक सावधगिरीचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतच आहे. बॉन्टेबॉक आणि ब्लेसबॉक ही एकाच कुरंगाची दोन भावंडे. दोघांच्याही कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा असतो. बॉन्टेबॉकमध्ये तो बहुधा अखंड, तर ब्लेसबॉकमध्ये डोळ्यांच्या मध्ये तपकिरी आडव्या रेघेने तुटलेला. बॉन्टेबॉकची संख्या शिकारीमुळे इतकी घटली होती, की १९३१ साली त्यांच्यासाठी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले तेव्हा त्यात अवघी १७ जनावरे होती. पुढे संख्या वाढली. पण माणसाने दोन्ही भावंडांना एकाच कुंपणात ठेवताच त्यांचा संकर होऊ लागला. चेहऱ्यातील फरक डोळ्यांना दिसत असूनही त्यांनी तो फरक आड येऊ दिला नाही. म्हणजे एखादी खूण माणसाला ठळक दिसते, एवढ्यावरून ती त्या प्राण्यांच्या समाजात काय काम करते, हे ठरविता येत नाही. त्यासाठी ब्लाइथसारखी वर्षानुवर्षे पाहण्याची, किंवा केनयातील शास्त्रज्ञांसारखी खूण आणि झुंजीचा निकाल पडताळून पाहण्याची चिकाटी लागते.

माणसानेही या खुणा वाचल्या, पण वेगळ्या हेतूने. काळविटाच्या माद्या व तरुण नर वगळून काळ्या नरावर नेम धरावयाचा, हा शिकाऱ्यांचा रिवाज होता. कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांत पाळीव चित्ते सोडून काळवीट धरविण्याचा खेळ विसाव्या शतकातही चालू होता. ज्या काळ्या मुखाला पाहून तपकिरी नर आदराने बाजूस सरे, तेच मुख बंदुकीच्या व चित्त्याच्या नजरेत प्रथम भरे. काळे होण्यास नराला काही वर्षे लागतात. म्हणून असा प्रत्येक नर पडला, की माळावरून अनेक वर्षांची कसोटी उतरलेला एक धनी नाहीसा होई. जी खूण जातभाईंमधील रक्तपात टाळण्यासाठी होती, तिचाच रक्तपातासाठी उपयोग झाला. काचेचे डोळे बसविलेली ती मस्तके कित्येक दिवाणखान्यांच्या भिंतींवर अजून आहेत. त्यांचा काळा रंगही बहुतेक ठिकाणी आता विटून तपकिरी झाला आहे.

१९७२ साली वन्यप्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि काळविटाला त्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. त्याची शिकार गुन्हा ठरली. भावनगर संस्थानची एकेकाळची शिकारीची कुरणे होती तेथे १९७६ साली वेळावदरचे राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे ऋतूच्या दिवसांत काळे नर एका लहानशा मैदानात दाटीवाटीने आपापली चिमुकली हद्द आखून उभे राहतात, आणि माद्या त्यांच्यामधून फिरून वराची निवड करतात. तेथे इतके काळे चेहरे एकमेकांसमोर असूनही प्रत्येक क्षणी झुंज चाललेली नसते. हद्दीवर दोघे समोरासमोर येतात, नाकाडे उचलतात, पावले मोजीत समांतर चालतात आणि बहुधा तसेच मागे वळतात. शिंगे भिडतात तीही. पण जेथे दोन्ही चेहरे सारखेच काळे असतात आणि नुसत्या वाचनाने निकाल लागत नाही, तेथेच विशेषेकरून.

कायद्याने बंदूक थांबली, तरी माळ उरला पाहिजे. गवताळ माळरानाला आपल्याकडे पडीक जमीन म्हणण्याची चाल आहे. परंतु चेहऱ्याची ही भाषा मोकळ्या जागेतच वाचता येते. दुरून दिसणे, वेळीच ओळखणे आणि न लढता बाजूस सरणे, या तिन्हींसाठी अंतर लागते. माळ तुकड्यातुकड्यांनी नांगरला गेला किंवा कुंपणांनी आखडला, तर हरलेल्या तपकिरी नराने सरकावयाचे कोठे? त्याला पाठ फिरविण्यापुरती तरी जमीन हवी. रेहेकुरीच्या २.१७ चौरस किलोमीटरांत ती थोडीशी राखली गेली आहे. तेथे सकाळी उन्हे तिरपी असताना एखादा काळा नर नाकाड उचलून उभा राहतो, आणि दुसरा त्याची मुद्रा वाचून मुकाट्याने दुसऱ्या झुडपाकडे चरावयास जातो.